गाडीतला गारवा कुठे जातो?

चैत्र सरून वैशाख उजाडला की व्यापारी कुटुंबातील मोटार घर आणि पेढी एवढ्यापुरती राहत नाही. लग्नसराई सुरू असते, मुलांच्या शाळांना सुटी असते, कुंथलगिरी, कुंभोजचे बाहुबली, मांगीतुंगी, गजपंथ अशा क्षेत्रांच्या यात्रा ठरलेल्या असतात. अक्षय तृतीयेला घरातील एखाद्या आजींचे वर्षीतपाचे पारणे असते आणि त्यासाठी चार गावांचे नातेवाईक रस्त्यावर असतात. बाहेर पारा 42 अंशांवर, आणि नेमके त्याच वेळी एसीचे बटण दाबल्यावर डॅशबोर्डच्या जाळीतून कोमट वारा येऊ लागतो. तरुण मंडळी काचा खाली करून, वाटेत पाणी पिऊन वेळ निभावून नेतात. परंतु ज्यांचा चौविहार उपवास आहे, ज्या पाण्याचा थेंबही घेणार नाहीत, अशा सत्तरीच्या तपस्विनीसाठी तापलेल्या गाडीतील तीन तास ही केवळ गैरसोय नसते. शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते आणि घाम येऊन शरीर थंड होण्याची शक्ती वयाने मंदावलेली असते. म्हणून एसीची दुरुस्ती हा चैनीचा विषय मानून ती 'बघू नंतर' या खात्यात टाकणे योग्य नव्हे.

बहुतेक ठिकाणी ही दुरुस्ती एका वाक्यात उरकली जाते. गाडी मिस्त्रीकडे नेली जाते, बॉनेट उघडते, आणि तो म्हणतो, "शेठ, गॅस संपलाय. अर्ध्या तासात भरून देतो." गॅस भरला जातो, दोन-तीन महिने गारवा मिळतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात, कधी त्याच उन्हाळ्यात, पुन्हा तेच वाक्य ऐकू येते. ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. पेट्रोल संपते तसा गॅस संपला, अशी समजूत असते.

ती समजूत मुळातच चुकीची आहे. पेट्रोल जळते म्हणून संपते. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्ची पडत नाही. तो एका बंद वर्तुळात फिरत असतो. रबरी नळ्यांमधून आणि सांध्यांमधून वर्षाकाठी काही थोडे ग्रॅम झिरपतात हे खरे, परंतु निर्दोष यंत्रणेत त्याचा परिणाम जाणवायला बरीच वर्षे जावी लागतात. एका उन्हाळ्यात गॅस 'संपला' असेल, तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे. गोदामातील साठ्यात दर महिन्याला दोन पोती तूट येऊ लागली, तर कोणताही शहाणा व्यापारी दर महिन्याला दोन पोती नवी आणून हिशेब जुळवत बसत नाही. तो कुलूप पाहतो, पत्रा पाहतो, तोलाई पाहतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हीच सावध माणसे तूट भरून देतात आणि भोक तसेच ठेवतात.

यंत्रणेची रचना एकदा समजली की मिस्त्रीशी बोलणे सोपे होते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबल्यामुळे तो अतिशय तापतो. हा तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे बाहेरच्या हवेला आपली उष्णता देतो आणि द्रवरूप होतो. पुढे ड्रायर नावाच्या नळकांड्यातून गाळून तो एका अतिशय बारीक छिद्राशी येतो. त्याला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह म्हणतात. छिद्रापलीकडे दाब एकदम कमी होतो, द्रव उकळू लागतो आणि उकळताना लागणारी उष्णता तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमधून, म्हणजे पर्यायाने गाडीतील हवेतून, ओढून घेतो. आज आपल्याकडील बहुतेक गाड्यांत असणारा आर-134ए हा गॅस वातावरणाच्या साध्या दाबाखाली उणे 26 अंशांना उकळतो, यावरून त्याची ही ओढ किती असेल ते कळावे. यंत्र थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. म्हणजे बिघाड दोनच प्रकारचा असू शकतो. एक तर आतून उष्णता उचलली जात नाही, नाहीतर बाहेर टाकली जात नाही.

दुसऱ्या प्रकाराकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, आणि व्यापारी पेठेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तोच अधिक असतो. कंडेन्सरच्या पापुद्र्यांसारख्या पातळ पट्ट्यांमधून वारा वाहिला तरच उष्णता बाहेर जाते. सांगलीच्या हळद बाजारात दिवसभर उभी असलेली गाडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्लीतली गाडी, जिनिंगच्या आवारातली किंवा मोंढ्यात धान्याच्या चाळणीशेजारी लावलेली गाडी यांच्या कंडेन्सरवर तूस, कापसाचा तंतू, मसाल्याची भुकटी यांचा थर बसतो. वरून पावसाळ्याचा चिखल. मग गॅस पुरेपूर असूनही हवा कोमट येते. उपाय साधा आहे: इंजिन थंड असताना पुढच्या जाळीतून पाण्याची मध्यम धार सोडून हा भाग धुऊन काढणे. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी गाडी धुण्यासाठी वापरतात ती जोरदार धार मात्र या पातळ पट्ट्या वाकवते आणि वारा कायमचा अडवते. धुण्यापूर्वी आत एखादा पक्षी, पाल, कीटक अडकला आहे का हे नीट पाहून, मऊ कुंच्याने कचरा बाजूला करण्याची यतना श्रावकाच्या घरात सांगावी लागू नये.

दाण्याच्या बाजाराचा आणखी एक प्रसाद म्हणजे उंदीर. गोदामाशेजारी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ते घरटे करतात आणि तारा कुरतडतात. कॉम्प्रेसरला जाणारी एक बारीक तार तुटली की एसी बंद. गॅसचा त्यात काहीही संबंध नाही. अशा वेळी गॅस भरणाऱ्याला पैसे देणे म्हणजे नळाची चावी बंद असताना टाकी भरीत बसणे होय. विष ठेवणे जैन घराला न मानवणारे. त्याऐवजी गाडी धान्यापासून दूर लावणे, बॉनेटखाली आणि खालच्या उघड्या भागात बारीक तारेची जाळी बसवून घेणे, गाडीत खाऊचे पुडे न ठेवणे एवढे पुरेसे होते.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी घरच्या घरी दहा मिनिटांत बरेच काही कळू शकते. उन्हात बंद उभी असलेली गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 20 अंशांनी अधिक तापते; तेव्हा पहिली दोन मिनिटे सगळ्या काचा उघड्या ठेवून गाडी चालवावी, मग काचा लावाव्यात, आणि हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू आहे ना ते पाहावे. ते बंद असेल, तर यंत्र दर क्षणी 42 अंशांची नवी हवा गार करीत राहते. तापमानाची चकती गरम बाजूला तर सरकलेली नाही, हेही पाहावे. लहान मुलांचा हात तिच्यावर हमखास फिरतो. पंख्याचा जोर कमी पडला असेल, म्हणजे हवा गार पण अगदी मंद येत असेल, तर दोष बहुधा सामान ठेवण्याच्या कप्प्यामागील केबिन फिल्टरचा असतो. तो काढून पाहिला तर कित्येकदा धूळ आणि सुकलेल्या पानांची गादीच हाती येते. काही जुन्या किंवा स्वस्त गाड्यांत हा फिल्टर कारखान्यातून बसवलेलाच नसतो. तिथे ती सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर जाते.

नंतर इंजिन चालू ठेवून दुसऱ्या कुणाला तरी एसीचे बटण दाबायला सांगावे आणि स्वतः बॉनेटपाशी कान द्यावा. 'टक्' असा आवाज येऊन कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली चकती फिरू लागली पाहिजे. आवाजच नसेल, तर फ्यूज, रिले, तार किंवा दाब मोजणारा स्विच यांपैकी काहीतरी अडलेले आहे. गॅस फार कमी झाला की हाच स्विच कॉम्प्रेसरला सुरू होऊ देत नाही. म्हणून स्विच बाजूला काढून तारा थेट जोडणारा मिस्त्री मदत करीत नसून कॉम्प्रेसरचा बळी देत असतो. काही नव्या गाड्यांत चकती सतत फिरत असते आणि 'टक्' मुळीच होत नाही, तिथे ही खूण लागू नाही. पट्टा आणि पंखा फिरत असताना पदर, उपरणे, ओढणी, सैल बाही यांपैकी काहीही बॉनेटच्या आत झुकता कामा नये. पंखा तर न सांगता एकाएकी सुरू होतो.

तो सुरू होतो की नाही, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. अहिल्यानगरहून पुण्याला निघालेली गाडी शिरूरपर्यंत उत्तम गार राहते आणि वाघोलीच्या कोंडीत शिरली की गरम वारा फेकू लागते, अशी तक्रार असेल तर निम्मे निदान तिथेच झाले. धावत्या गाडीला समोरून वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीत तो पंख्याने द्यावा लागतो. पंखा जळालेला, त्याचा रिले बसलेला किंवा तो अगदी मंद फिरत असेल, तर उष्णता कंडेन्सरमध्येच साचते, दाब वाढतो आणि यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. याच्या उलट, पहिली पंधरा-वीस मिनिटे गार आणि मग गरम, थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा गार, असे चक्र चालत असेल तर आत ओलावा शिरला असण्याची शंका घ्यावी. ते पाणी बारीक छिद्रापाशी गोठते, वाट बंद करते, वितळले की वाट मोकळी. हवेचा झोतच हळूहळू मंदावत असेल, तर मात्र बर्फ छिद्रात नसून कूलिंग कॉइलच्या बाहेरच्या अंगावर धरला आहे. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला असेल, तरीही अनेक गाड्या इंजिन वाचवण्यासाठी एसी आपोआप तोडतात. अशा वेळी एसीचा विचार सोडून आधी इंजिनाकडे पाहावे.

हे सगळे ठीक निघाले आणि हवा तरीही कोमट असेल, तर गॅस कमी असण्याचा विचार करावा, आणि पहिला प्रश्न 'किती भरायचा' हा नसून 'गेला कुठून' हा असावा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे थोडे बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांच्या सांध्यावर, गॅस भरायच्या टोपणाखाली, कॉम्प्रेसरच्या दर्शनी बाजूला तेलकट काळा डाग दिसला की गळतीची जागा बहुधा तीच. रस्त्यावरचा खडा उडून कंडेन्सरला टोचा पडणे हाही नेहमीचा प्रकार. सर्वांत त्रासाची गळती कूलिंग कॉइलची, कारण ती पाहण्यासाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यामुळेच ती शोधण्याचा कंटाळा केला जातो. चांगला कारागीर यंत्रणेत कोरडा नायट्रोजन दाबाने भरतो आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतो, किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग तेलात मिसळून काही दिवसांनी तपासतो, किंवा गॅसचा वास घेणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र फिरवतो. कित्येकदा अखेर दोष निघतो तो एका रबरी कडीचा, जिची किंमत दोन कप चहाहून फारशी जास्त नसते.

दुरुस्तीनंतर पंपाने यंत्रणेतील सगळी हवा ओढून घ्यावी लागते. हे काम अर्धा ते पाऊण तास चालावे. कारण केवळ हवा नव्हे, तर आतला ओलावाही काढायचा असतो. निर्वात जागेत पाणी साध्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते, पण त्याला वेळ लागतो. पंप बंद केल्यावर काटा आपल्या जागी स्थिर राहिला, तर सांधे बंद आहेत असे मानायला आधार मिळतो. यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही बदलावा, कारण त्यातील ओल शोषणारे दाणे तोवर भरून गेलेले असतात. पाच मिनिटांत पंप आवरणारा मिस्त्री वेळ वाचवतो तो स्वतःचा.

आता भरण्याविषयी. व्यापारी घराने डोळ्यांत तेल घालून पाहावे अशी ही जागा आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा जवळच्या पट्टीवर एक छोटे लेबल असते. त्यावर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. छोट्या गाडीत ते साधारण 400 ग्रॅमच्या आसपास असते. मागच्या आसनांसाठी वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाडीत 700-800 ग्रॅम किंवा त्याहून अधिक. म्हणजे कारखान्याने हा गॅस तोलून भरलेला आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी तो काट्यावर तोलला जात नाही. दाबाच्या घड्याळाकडे पाहून, नळीवर हात ठेवून, 'झाला' असे म्हणून भरला जातो.

घड्याळ खोटे बोलत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही देत नाही. स्वयंपाकघरातील सिलिंडर आठवावा. तो भरलेला असो की तळाशी आलेला, शेगडीची ज्योत जवळजवळ सारखीच असते. आत किती उरले ते हलवून किंवा तोलूनच कळते. कारण द्रव आणि वायू एकत्र असताना दाब ठरतो तो तापमानावरून, प्रमाणावरून नव्हे. एसीच्या गॅसचेही तसेच आहे. 35 अंशांच्या दिवशी बंद गाडीत काटा सुमारे 115 पीएसआय दाखवील, आत 200 ग्रॅम असो वा 400. इंजिन चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब पाहून अनुभवी माणसाला पुष्कळ कळते, निदानासाठी घड्याळे हवीतच. पण प्रमाण ठरवण्याचे साधन काटा हेच. आणि जास्त झाले तर बिघडत नाही, हा समजही खोटा. अधिक गॅस भरला की कंडेन्सर द्रवाने तुडुंब होतो, उष्णता टाकायला जागा उरत नाही, दाब चढतो आणि हवा पुन्हा कोमट होते. गॅस कमी पडला असे समजून वर आणखी भरणारे मिस्त्रीही आहेत.

जुन्या गॅसमध्ये अंदाजाने भर घालण्याऐवजी आतला सगळा गॅस यंत्राने काढून घ्यावा, तो किती निघाला ते तोलावे, आणि लेबलप्रमाणे नवा मापून भरावा. किती निघाला या आकड्यात गळतीचा सगळा इतिहास असतो. 400 पैकी 350 ग्रॅम निघाले तर दोष गॅसमध्ये नाही, तो अन्यत्र शोधावा. 100 निघाले तर गळती शोधल्याविना एक ग्रॅमही भरू नये.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत कमी-अधिक वजनमाप करणे, म्हणजे हीनाधिकमानोन्मान, आणि अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा नकली माल देणे, म्हणजे प्रतिरूपक-व्यवहार, असे दोन आहेत. पेढीवर बसणाऱ्यांनी हे शब्द लहानपणापासून ऐकलेले असतात आणि ते विकणाऱ्याला उद्देशून आहेत असे धरून चालतात. परंतु जो ग्राहक 'मापू नको, लवकर भर आणि स्वस्तात दे' असे सांगतो, तोही त्या व्यवहाराचा भागीदार होतो. एसीच्या गॅसच्या धंद्यात नकली मालाचा धोका खरा आहे. शुद्ध आर-134एच्या नावाखाली दुसरे मिश्रण, कधी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील वायू, भरलेला आढळतो. तो गारवा देतो, कधी अधिकच देतो, आणि म्हणून ओळखू येत नाही. पण गाडीची कूलिंग कॉइल प्रवाशांच्या गुडघ्यांसमोर असते. तिथून ज्वलनशील वायू बंद गाडीत गळू लागला, तर एक ठिणगी पुरते. म्हणून डबा सीलबंद आहे ना, त्यावर नाव आणि उत्पादकाचा छाप आहे ना, तो आपल्यासमोर फोडला ना, हे पाहणे म्हणजे मिस्त्रीवर अविश्वास दाखवणे नव्हे. सोने घेताना कसोटी मागितली म्हणून सराफ रागावत नाही.

गळून गेलेला गॅस कुठे जातो, याचाही हिशेब ठेवायला हवा. पूर्वीच्या गाड्यांत आर-12 असे. तो ओझोनचा थर पोखरतो हे सिद्ध झाल्यावर 1987च्या माँट्रियल कराराने त्याला हद्दपार करण्याचे ठरले. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु तो हवेत उष्णता अडकवतो, आणि ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1300 पट. छोट्या गाडीतला 400 ग्रॅम गॅस हवेत गेला, तर त्याचा परिणाम पाच क्विंटलहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका होतो. दोनशे लिटरहून अधिक पेट्रोल जाळल्यावर निघतो एवढा. म्हणजे गळकी यंत्रणा दर वर्षी भरून चालवणारी गाडी नुसती उभी राहूनही कित्येक हजार किलोमीटर धावल्याचा धूर सोडते. या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचा किगाली येथील निर्णय 2016चा. भारताने त्याला 2021मध्ये संमती दिली असून आपल्याकडील घट 2032पासून सुरू होऊन 2047पर्यंत 85 टक्क्यांवर जायची आहे. परदेशी बनावटीच्या काही नव्या गाड्यांत आर-1234वायएफ हा सौम्य पण महाग गॅस येऊ लागला आहे. लेबलावर ते नाव असेल तर त्यात आर-134ए भरू देऊ नये. विजेवरच्या गाड्यांत तर कॉम्प्रेसरचे तेलही वेगळे असते आणि नारिंगी तारांत जीवघेणा दाब, तिथे रस्त्याकडेच्या दुकानाचा विचारच नको. पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय यांची विराधना टाळण्याचा पाठ ज्या परंपरेत प्रतिक्रमणात रोज होतो, तिथे जुना गॅस नळी सैल करून 'फुस्स' असा हवेत सोडून दिलेला पाहताना निदान प्रश्न तरी पडावा. तो परत भरून घेणारे यंत्र असलेली दुकाने आता जिल्ह्याच्या गावीही आहेत.

घरी डबा आणून स्वतः गॅस भरण्याची हौस काही तरुणांना येते. कंडेन्सर धुणे, फिल्टर बदलणे, फ्यूज पाहणे ही कामे खुशाल करावीत. नळ्यांना मात्र हात लावू नये. चालू यंत्रणेतील दाब टायरमधील दाबाच्या कितीतरी पट असतो आणि द्रव गॅस डोळ्यांत किंवा त्वचेवर उडाला तर क्षणात गोठवतो.

पावसाळ्यात एक वेगळीच तक्रार येते: हवा गार, पण कुबट. कूलिंग कॉइल सतत ओली राहते आणि त्या अंधाऱ्या ओलीत बुरशी धरते. एकदा धरल्यावर ती औषध फवारून मारण्यापेक्षा धरूच न देणे जैन घराला अधिक साजेसे. मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला की कॉइल कोरडी होते. गाडीखाली पाण्याचे थेंब पडत नसतील आणि पायाशी गालिचा ओला लागत असेल, तर पाणी बाहेर जाण्याची नळी चोंदली आहे. ती मोकळी करायला पाच मिनिटे पुरतात.

प्रवासातच एसी बंद पडला आणि सोबत उपवास असलेले वृद्ध असतील, तर पुढचे ठिकाण गाठण्याची घाई करू नये. सावलीत थांबावे, समोरासमोरच्या काचा उघड्या ठेवाव्यात, ओला पंचा मानेवर आणि कपाळावर ठेवावा, शक्य असल्यास उरलेला प्रवास ऊन उतरल्यावर करावा. बोलण्यात गोंधळ, चक्कर, त्वचा तापून कोरडी पडणे अशी लक्षणे दिसली तर थेट दवाखाना गाठावा. पच्चक्खाणाचा प्रश्न तिथे घरच्यांनी अडवून धरू नये. प्रत्याख्यानाला आगार असतातच.

दुरुस्तीच्या बिलावर 'एसी गॅस' एवढेच लिहून घेण्याची पद्धत मोडावी. गळती कुठे होती, कोणता भाग बदलला, जुना गॅस किती ग्रॅम निघाला, नवा कोणता आणि किती ग्रॅम भरला, जाळीपाशी थर्मामीटर धरल्यावर किती अंश आले, एवढे पाच तपशील तारखेसह लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावेत. पुढच्या वेळी दुसऱ्या गावचा मिस्त्री 'गॅस संपला' म्हणाला, तर ती खतावणी त्याच्यापुढे ठेवता येते. आणि दिवाळीनंतर एसीचे बटण विसरून जाण्याची सवयही सोडावी. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे रबर तेलात भिजलेले राहिले तरच घट्ट बसते, आणि तेल फिरते ते यंत्र चालले तरच. मार्गशीर्षाच्या थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. पेढीवर जाताना काच धुरकटते तेव्हा ती पुसायलाही तो उपयोगी पडतो.